धुकं साफ करून मिळेल

आमच्या पवनीत बर्फ पडत नाही. तो फक्त स्टुडिओत पडायचा. पडद्यावर रंगवलेला, हिमालयासकट. भर मे महिन्यात त्याच्यापुढे स्वेटर घालून, घामाघूम होत आम्ही फोटो काढून घेतलेत. वैनगंगेवरचं धुकं मात्र अस्सल. पौषातल्या पहाटे हवा गारठली की त्यामानाने उबदार पाण्यातून वाफ उठते आणि वैजेश्वर घाटाच्या खालच्या पायऱ्या कुठे संपतात ते कळेनासं होतं.

पण धुक्यासाठी रोल कोण आणणार? रोल यायचा साखरपुड्यासाठी. ३६ फोटोंतले चार-दोन उरले की घरचे मागे लागायचे, "संपव एकदाचा, फोटो बघायचेत." ते उरलेसुरले नदीच्या वाट्याला. ढीवराचा डोंगा चौकटीत येईपर्यंत बोट खटक्यावर गारठायचं. डोंगा आला तर फोटो, नाही आला तर फोटो वाचला! त्याआधी आगफा क्लिक थ्री कॅमेरा वापरणाऱ्यांचा हिशेब याहून कडक होता. १२ फोटो, आणि पाठीवरच्या लाल खिडकीत पुढचा आकडा दिसेपर्यंत हळूहळू फिरवायची किल्ली.

आता भाचा एका सकाळी शंभर-दीडशे फोटो काढतो, आणि त्यातले दहा तरी आमच्या उभ्या हयातीतल्या फोटोंहून सरस असतात. आमचे बहुतेक म्हणजे राखाडी कागद. 'हा डोंगा' असं बोट ठेवून सांगावं लागे.

नदी तरी कुठे तीच राहिली? १९८८ साली राजीव गांधींनी वरच्या अंगाला गोसेखुर्द धरणाची पायाभरणी केली. आता पाणी ३३ दरवाजांच्या मर्जीने खाली येतं. नागपूरचं सांडपाणी नागनदीतून, कन्हानमार्गे त्याच जलाशयात उतरतं. धुक्यात यातलं काही दिसत नाही. फोटो काढणाऱ्याची तेवढीच सोय.

खरं चुकल्यासारखं वाटतं ते स्टुडिओवाल्याशी होणारं भांडण. रोल धुऊन आला की पाकीट तिथेच उघडायचं. साखरपुडा झकास, आणि नदीवर धुक्याचा पत्ता नाही! पलीकडचा काठ, झाडं, सगळं काळंकुट्ट.

"हे काय केलं?"

"पूरा धुपट आला होता जी. हार्ड पेपरवर मारून साफ करून देला."

एवढ्या थंडीत उठून जे टिपलं, ते त्याने दोष समजून काढून टाकलेलं. मग निगेटिव्ह ट्यूबलाइटपुढे धरून वाद. तो म्हणायचा, फोटोत माणूस दिसला पाहिजे. आम्ही म्हणायचो, नाही दिसला तरी चालेल. शेवटी कुरकुरत तो दुसरी प्रत काढून द्यायचा, पैसे मात्र दोन्हींचे घ्यायचा. लूटच होती. तरी पुढच्या हिवाळ्यात आमची निगेटिव्ह बघून तोच विचारायचा, "हा मऊ ठेवू का जी?"

मोबाईलही धुकं साफच करतो. आपण खटका दाबायचा आणि त्याने विचारल्याशिवाय पलीकडच्या काठावरची झाडं कोरून द्यायची. भाच्याकडे तक्रार केली. त्याने कुठेतरी दोन ठिकाणी बोट लावून ते बंद करून दिलं. पैसे घेतले नाहीत, आणि फोटोत माणूस दिसला पाहिजे असंही म्हणाला नाही.