खडकीहून समुद्राकडे

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात एक जहाज आहे. तीन डोलकाठ्या, ताठ उभी शिडं आणि मागच्या बाजूला ओळीनं मांडलेले रांजण. पाचव्या शतकातलं हे चित्र; रंग बरेच विटले आहेत. अंधाराला डोळे सरावले की आधी रांजण दिसतात, मग जहाज. त्या रांजणांत गोडं पाणी असणार. चहूबाजूंनी पाणीच असलेल्या प्रवासाला निघताना पिण्याचं पाणी आधी भरून घ्यावं लागतं, हे त्या चित्रकाराला ठाऊक होतं. आणि तो बसला होता वाघूर नदीच्या दरीत, किनाऱ्यापासून सुमारे तीनशे किलोमीटर आत.

याच जिल्ह्यातली एखादी मुलगी बी.एस्सी. झाल्यावर घरी सांगते, मला समुद्रविज्ञानात एम.एस्सी. करायचंय. घरात क्षणभर कुणी बोलत नाही. मग वडील विचारतात, "अगं, पण आपल्याकडं समुद्र कुठंय?" आजीचा प्रश्न वेगळा असतो : "बोटीवर राहावं लागंल का गं बाई?"

दोन्ही प्रश्न काळजीपोटी आलेले, आणि रास्तही. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर वसलंय. इथं नळाला पाणी कधी येणार, यावर घराचा आठवडा ठरतो. पण वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मुंबईपर्यंत जायची गरज नाही. ते घराच्या जोत्यापासूनच सुरू होतं.

हे शहर ज्या काळ्या दगडावर उभं आहे, तो बेसॉल्ट. वेरूळचं कैलास लेणं त्यातच कोरलेलं, देवगिरीचा कडा त्याचाच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि दख्खनचं पठार झालं. तेव्हा भारताची भूमी आजच्या जागी नव्हती. ती बरीच दक्षिणेला, उत्तरेकडं सरकत होती. ज्या तप्त जागेवरून ती त्या वेळी गेली, ती जागा आज हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला, रियुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजूनही धुमसतो. भूमी पुढं निघून गेली आणि तिच्या मागं पाण्याखाली डोंगरांची एक रांग उरली. लक्षद्वीप, मालदीव, छागोस ही तिचीच माथ्यावरची बेटं. महासागराचा तळही मुख्यतः बेसॉल्टचाच असतो. भूशास्त्रीय समुद्रविज्ञान शिकणाऱ्या मुलांना खोल समुद्रातून उचललेला काळा दगड हातात देतात. मराठवाड्याच्या मुलीला तो ओळखीचा वाटला तर नवल नाही, तिच्या गावचा पार त्याच जातीच्या दगडाचा आहे.

शहराचं पहिलं नावच खडकी. ते वसवलं १६१० मध्ये मलिक अंबरनं, आणि तो समुद्र ओलांडून आलेला माणूस. इथिओपियात जन्म, गुलाम म्हणून हातोहात विकला जात अरबस्तान, बगदाद करत दख्खनला पोचला. खडकीत त्यानं काय केलं? डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरींतून शहरात आणलं. त्या नहरींचं काम आजही अभियंते कौतुकानं पाहतात.

त्याच्याही आधी दीड हजार वर्षं इथली माणसं समुद्रापार व्यापार करत होती. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशानं लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासपुस्तिकेत पैठण आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचं तेर, असा त्यात हिशेब आहे. पैठणहून गाड्यांत भरून रंगीत पट्ट्यांचे खडे भडोचला जात आणि तिथून जहाजानं पश्चिमेला. अशा खड्यांची जन्मजागा म्हणजे लाव्हातले बुडबुडे थंड झाल्यावर राहिलेल्या पोकळ्या. रोमच्या बाजारात कुणाच्या अंगठीत बसलेला खडा दख्खनच्या आगीतून आलेला असेल.

हे सगळं इतिहासाचं झालं. पण वडिलांना खरं उत्तर मिळतं ते पावसात.

पावसाळ्याच्या तोंडावर विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून वाऱ्याचा एक जोरदार झोत निघतो. केनियाच्या किनाऱ्यालगत तो उत्तरेला येतो, सोमालियापाशी उजवीकडं वळतो आणि अरबी समुद्रावरून भारताकडं धावतो. जॉन फिंडलेटर या हवामानशास्त्रज्ञानं १९६९ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून तो फिंडलेटर झोत. अरबी समुद्राची वाफ घेऊन तो सह्याद्रीवर आपटतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. घाट उतरून इकडं येईपर्यंत ढग रिकामे होत जातात आणि संभाजीनगरच्या वाट्याला जेमतेम सातशे मिलिमीटर राहतात. पडलेलं पाणी गोदावरीतून पैठणला येतं, नाथसागरात थांबतं. साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या या जलाशयाला लोकांनी 'सागर' म्हटलं, यात मराठवाड्याची तहान आहे. तिथून नदी नांदेड करत, तेलंगण ओलांडत राजमहेंद्रीच्या पुढं बंगालच्या उपसागराला मिळते.

म्हणजे पाणी पश्चिमेच्या समुद्रातून येतं आणि पूर्वेच्या समुद्रात जातं. मधे हे शहर आहे.

गोष्ट इथं संपत नाही. लिटरभर समुद्राच्या पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम मीठ असतं. उत्तर अरबी समुद्रात ते ३६ च्या वर जातं, कारण तिथं पाण्याची वाफ खूप होते. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी इतकं गोडं पाणी ओततात की वरचा थर अळणी आणि हलका होतो. हा हलका थर खालच्या जड, खाऱ्या पाण्यात सहज मिसळत नाही. त्यामुळं वारा सुटला तरी खालचं थंड पाणी वर यायला अडतं आणि पृष्ठभाग उबदार राहतो. त्या उबेवर कमी दाबाचे पट्टे पोसले जातात, ते पश्चिमेकडं सरकतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अडलेला पाऊस पुष्कळदा त्यांच्याबरोबरच येतो. पैठणहून गेलेल्या पाण्याचा वाटा यात लहान. पण तो आहे.

२०१५ मध्ये प्रशांत महासागर तापला, एल निनो आला, आणि मराठवाड्याच्या विहिरी कोरड्या पडल्या. पुढच्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. उलट १९९७ मध्ये एल निनो त्याहून कमी नव्हता, तरी देशभराचा पाऊस सरासरीइतका झाला. का, याच्या उत्तराचा एक धागा १९९९ मध्ये सापडला. एन. एच. साजी हा भारतीय संशोधक जपानमध्ये तोशिओ यामागाता यांच्याबरोबर काम करत होता. हिंदी महासागराची पश्चिम बाजू तापते तेव्हा पूर्व बाजू गार होते, हा झोका त्यांनी दाखवला. त्याला द्विध्रुव म्हणतात, इंग्रजीत इंडियन ओशन डायपोल, म्हणजे 'आयओडी'. पश्चिम बाजू तापलेली असली की एल निनोतही पाऊस तग धरू शकतो. आता पेरणीच्या दिवसांत गावातला माणूसही 'आयओडी'चं काय म्हणतात, असं विचारतो. एका शोधनिबंधातलं नाव वीस-पंचवीस वर्षांत शेताच्या बांधावर पोचलं. विद्यापीठातल्या फार थोड्या विषयांना असं भाग्य लाभतं.

आता शिक्षणाचं. समुद्रविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण म्हणजे पोहायला शिकणं नव्हे, हे घरच्यांना समजवावं लागतं. तिथं आधी गणित असतं, मग बाकीचं. भौतिकशास्त्र, रसायन, प्राणिशास्त्र, भूशास्त्र यांतला कुणीही या दारानं आत येऊ शकतो. आत गेल्यावर मात्र चारही शेजाऱ्यांची भाषा थोडी थोडी शिकावी लागते. त्यासाठी शहर सोडून गोवा विद्यापीठ, कोचीन, विशाखापट्टणम अशी वाट धरावी लागते.

पहिल्या सत्रात एक धडा येतो, तो मराठवाड्याच्या मुलांना इतरांपेक्षा जास्त अडखळवणारा. पाणलोट, नालाबांध, शेततळी पाहत वाढलेल्या मुलाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : पाणी उताराकडं धावतं. समुद्रात तसं होत नाही. समुद्राच्या पृष्ठभागालाही चढ-उतार असतात, शेकडो किलोमीटरमध्ये मीटरभराचे. पाणी उतारावरून घसरायला निघतं, पण पृथ्वीच्या फिरण्यामुळं उत्तर गोलार्धात ते उजवीकडं वळत जातं. शेवटी उंच बाजू उजव्या हाताला ठेवून ते उताराला आडवं वाहू लागतं. जणू डोंगरावर पडलेला पाऊस खाली न येता डोंगराला प्रदक्षिणा घालतोय. समीकरणं फळ्यावर एका ओळीत मावतात. ती मनात उतरायला मात्र महिने लागतात, आणि ज्या दिवशी उतरतात त्या दिवसापासून नकाशावरचा प्रत्येक प्रवाह वेगळाच दिसू लागतो.

अदिती पंत यांची वाट या मुलींनी जरूर माहीत करून घ्यावी. जन्म १९४३ चा, नागपूरचा. घराणं सातारा जिल्ह्यातल्या औंधचं. औंधच्या दुष्काळी माळावरून समुद्र दिसत नाही. पुण्यात बी.एस्सी. करून झाल्यावर त्यांच्या हाती ॲलिस्टर हार्डी यांचं 'द ओपन सी' हे पुस्तक आलं. समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांचं ते जग त्यांना असं भावलं की त्या शिष्यवृत्ती मिळवून हवाई विद्यापीठात गेल्या आणि मग पीएच.डी.साठी लंडनला. परतल्यावर गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत रुजू झाल्या. डिसेंबर १९८३ मध्ये निघालेल्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत दोन स्त्रिया होत्या, देशातल्या पहिल्या : भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि समुद्रवैज्ञानिक अदिती पंत. नागपूर, औंध, पुणे, यांपैकी कुठंही घरासमोर समुद्र नव्हता. होतं ते एक पुस्तक.

गोव्याची ती संस्था १ जानेवारी १९६६ ची. साठच्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत अनेक देशांची जहाजं या महासागरात येऊन गेली. त्यातून आपलीही संस्था हवी, हे ठरलं. पण समुद्राचं काम किनाऱ्यावरच चालतं असं नाही. पावसाचा आणि हिंदी महासागराचा अभ्यास करणारी उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था पुण्यात आहे. तिथल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की १९०१ ते २०१२ या काळात हिंदी महासागराचा पश्चिम भाग उन्हाळ्यात १.२ अंश सेल्सियसनं तापला. आणि भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आहे हैदराबादला, याच दख्खनच्या पठारावर. २००४ च्या त्सुनामीनंतर देशाचं त्सुनामी इशारा केंद्र २००७ मध्ये तिथंच सुरू झालं. सुमात्राजवळ भूकंप झाला की पहिली घाई तिथल्या खोलीत होते. मराठवाड्याला हैदराबाद परकं नाही. १९५६ पर्यंत राजधानी तीच होती. काचीगुड्याची गाडी अजून रोज संभाजीनगरच्या स्टेशनातून जाते.

आणि ज्याला घर सोडायला अजून वर्ष आहे, त्यानं काय करावं? जगाच्या समुद्रांत चार हजारांच्या आसपास आर्गो तरंगक सोडलेले आहेत. माणसाच्या उंचीचं नळकांडं. ते हजार मीटरवर जाऊन वाहत राहतं, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतं आणि वर येताना तापमान आणि क्षारता मोजत येतं. पृष्ठभागावर आलं की उपग्रहाला आकडे देतं आणि पुन्हा बुडतं. हे आकडे सगळ्यांना फुकट मिळतात. संभाजीनगरच्या गुलमंडीत राहणाऱ्या मुलाला अरबी समुद्रात परवा वर आलेल्या तरंगकाचा आलेख आज रात्री काढता येतो.

तरीही जहाज वेगळंच. 'सिंधु साधना'सारख्या संशोधन जहाजावर पहिले दोन दिवस बहुतेकांना बोट लागते. एसटीत गाडी लागणाऱ्यांना फार, पण न लागणाऱ्यांचीही सुटका नसते. लिंबू, आलं, कोरडी बिस्किटं. मग 'स्टेशन' येतं. इथं स्टेशन म्हणजे नकाशावरचा नुसता बिंदू. जहाज थांबतं आणि बाटल्यांचं चक्र तारेवरून खाली सोडलं जातं, मिनिटाला साठेक मीटर. चार हजार मीटर खाली जायला तासाहून जास्त, वर यायला तितकाच. खाली चारशे वातावरणांइतका दाब असतो. मुलं थर्माकोलच्या पेल्यांवर आईचं, गावाचं नाव लिहून ते जाळीत बांधून पाठवतात, आणि पेले अंगठ्याएवढे होऊन परत येतात. नाव तसंच, फक्त बारीक.

चक्र वर आलं की पहिली बाटली ऑक्सिजनची भरायची, हवा लागण्याआधी. पद्धत १८८८ ची, लायोश विंकलर या हंगेरियन रसायनज्ञाची. तो बुडापेस्टचा, आणि तेही शहर समुद्राकाठचं नाही. संभाजीनगरच्या प्रयोगशाळेत नाथसागराचं पाणी तपासताना हीच कृती केलेली असते : आधी मँगनीज, मग आयोडाइडयुक्त अल्क, झाकण, बाटली उलटी-सुलटी. पाण्यात ऑक्सिजन असला की गाळ तपकिरी होतो. अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचं पाणी असाच तपकिरी रंग देतं.

तीनशे मीटरवरचं पाणी देत नाही. साधारण दीडशे ते हजार मीटरच्या दरम्यान अरबी समुद्रात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. पावसाळी वारा खालचं पोषक पाणी वर आणतो, त्यावर सूक्ष्म वनस्पती भरभरून वाढतात, मरून खाली पडतात आणि त्यांना कुजवताना जिवाणू ऑक्सिजन संपवून टाकतात. उत्तरेकडं जमिनीनं कोंडलेल्या या समुद्रात ताजं पाणी हळू पोचतं. मराठवाड्याला पाऊस देणारा वाराच हे करतो.

रात्रीचे तीन वाजलेले असतात. टेबलावर दोन बाटल्या शेजारी उभ्या आहेत. एकीत पैठणसारखा तपकिरी गाळ, दुसरीत दुधासारखा पांढरा. जहाज हलतंय म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवाव्या लागतात, गाळ खाली बसेपर्यंत.