गोंदणाची खाज

शरीराला होणाऱ्या जाचांपैकीं खाज हा सर्वांत कमी मानाचा जाच होय. ताप आला तर घरचीं माणसें उशाशीं बसतात, दाढ दुखली तर शेजारीही हळहळतात. पण खाज सुटली म्हणतांच ऐकणारा हंसतो. मार्गशीर्षांतील एका रविवारीं बेडशाचीं लेणीं पाहावयास आम्ही पुतणीला घेऊन निघालों, तेव्हां पुण्याची लोकल कामशेतला पोहोंचेपर्यंत ती डावें मनगट बाहीवरून चोळीत होती. आणि खरें सांगावयाचें तर आम्हीही मनांतल्या मनांत हंसत होतों.

नऊ दिवसांपूर्वीं तिनें त्या मनगटावर 'तुझी आई' हे दोन शब्द गोंदवून घेतले होते. आमच्या वहिनी गेल्या वर्षीं गेल्या. मुलगी वसतिगृहांत असतां त्यांनीं धाडलेल्या एका पत्राच्या शेवटीं हे शब्द आहेत, आणि गोंदणाऱ्यानें ते त्यांच्याच वळणांत जसेच्या तसे उतरविले आहेत. आम्हांला हा प्रकार प्रथम रुचला नाहीं. शिकल्यासवरल्या मुलीनें कातडी टोंचून घ्यावी हें काय, असें आम्ही बोलूनही गेलों. वास्तविक आमच्या आजीच्याच कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होतें. शहरांत बिऱ्हाड झाल्यावर नातवंडें हंसूं लागलीं, तशी ती पदर पुढें ओढूं लागली. त्या नातवंडांत आम्ही होतों.

बोलून झाल्यावर प्रायश्चित्त म्हणून कीं काय, उपचारही आम्हींच हातीं घेतला. तिसऱ्या दिवशीं खाज सुरू होतांच हळद खोबरेलांत कालवून जाड लेप दिला आणि वर फडकें आवळून बांधलें. सकाळीं सोडून पाहतों तों खपल्या भिजून लिबलिबीत झालेल्या आणि भोंवतीं बारीक पुरळ! डॉक्टरांनीं तें फडकें आधीं टाकावयास लावलें. त्यांचें म्हणणें एवढेंच : कोमट पाण्यानें आणि सौम्य साबणानें हलके धुवा, टिपून कोरडें करा, बिनवासाचें मलम अगदीं पातळ लावा, उन्हापासून जपा; खाज अनावर झाली तर थंड ओला रुमाल ठेवा, पण नख लावूं नका. लाली पसरूं लागली, पू दिसला किंवा ताप आला, तर मात्र त्याच दिवशीं या.

नख लावूं नका हें सांगावयास किती सोपें! खपली वेळेआधीं ओढली गेली तर तिच्याबरोबर खालची शाईही जाते. मुलीला धास्ती होती ती 'ई'वरच्या रफाराची. नेमकी तेथेंच खपली जाड धरली होती, आणि खाजही तेथेंच होती.

बेडशाच्या चारशें-एक पायऱ्या चढतांना घाम आला आणि घामानें आग भडकली. वर चैत्यगृहाच्या ओसरींत गार सांवली होती. तेथील खांबांच्या माथ्यावर हत्तीघोड्यांवर बसलेलीं जोडपीं कोरलेलीं आहेत; अंगावर कडीं-तोडे भरगच्च. एका खोलीच्या दारावर नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याच्या दानाचा लेख आहे. पुतणी त्या लेखाकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "काका, दगडाला बरें खाजत नाहीं."

उतरल्यावर पायथ्याशीं एक म्हातारी पेरू घेऊन बसली होती. पैसे देतांना तिची नजर मुलीच्या मनगटावर गेली. "खाजवूं नगंस, पोरी. हें बघ," म्हणून तिनें आपला हात पुढें केला. कोपराखालीं हिरवटसर तुळस होती. पण एका बाजूची फांदी मधेंच तुटलेली. "आठ वर्सांची हुते. मायनं हात बांधून ठिवला हुता. राती सोडून खाजीवला. फुडल्या साली गोंदणारीण आली, म्हनली पुन्ना टोचते. म्या पळाले ती रानात!"

"आजी, आतां खाजतें का?"

"थंडीत कातडं सुकलं म्हंजी. त्याल लावते वाईच."

परतीच्या गाडींत आम्हीं मुलीला आमचें अर्धेंमुर्धें शास्त्र सांगितलें. सुई शाई सोडते ती वरच्या सालीखालच्या थरांत. शरीर तिला परकी समजतें, आणि तेथील कांहीं पेशी ती गिळून बसतात. २०१८ सालीं फ्रान्समधील संशोधकांनीं उंदरांवर दाखविलें कीं अशी पेशी मेली म्हणजे सुटलेला रंग नव्या पेशी गिळतात, आणि म्हणून खूण जागची हालत नाहीं. वरची साल भरून येतांना होणारी खाज ही या खटाटोपाचीच. ती बहुधा दोन-तीन आठवड्यांत सरते. म्हातारीची खाज निराळी, ती कोरड्या कातडीची. तिसरी एक आहे, आणि तिला आम्ही भितों. महिन्यांनीं किंवा वर्षांनीं गोंदण अचानक फुगतें व खाजूं लागतें, आणि तें बहुतेक लाल रंगाच्याच जागीं. पूर्वीं तो रंग पाऱ्याच्या हिंगुळाचा असे. आतां हिंगुळ गेला, तरी लालाची खोड पुरती गेलेली नाहीं. तेथें तेलपाणी करीत न बसतां त्वचेच्या डॉक्टरकडे जावें. काजळीच्या काळ्याचा त्रास त्या मानानें फार थोडा. १९९१ सालीं आल्प्सच्या बर्फांत सांपडलेल्या, सुमारें पांच हजार तीनशें वर्षांपूर्वींच्या माणसाच्या अंगावर ६१ खुणा आहेत, त्याही काजळीसारख्या कोळशाच्याच. आणि आमच्या आजीचें गोंदणही काजळाचेंच होतें.

मुलगी गप्प झाली. शब्दांशेजारीं कुंकवाचा एक लाल ठिपका काढून घेण्याचा तिचा बेत होता, हें आम्हांस तेव्हां कळलें. "आई लावीत असे तसा," ती म्हणाली. आम्हीं नको म्हटलें नाहीं. आधीं डॉक्टरांना विचार, एवढेंच म्हटलें. मग पाण्याच्या बाटलींत रुमाल भिजवून तिच्या मनगटावर ठेवला. तळेगांव येईपर्यंत तो आम्हींच धरून होतों.

पुढच्या शुक्रवारीं स्नान करतांना खपली आपोआप गळाली. रफार शाबूत आहे. टोंकाशीं किंचित् फिका पडला आहे इतकेंच. तो पुन्हा टोंचून घ्यावयाचा कीं काय, असें विचारलें तर "बघूं" म्हणाली. लाल ठिपक्याचें अद्याप ठरलेलें नाहीं.