सात तिकिटं आणि एक चिठ्ठी

आमच्या घरी सहल ठरवणं म्हणजे आघाडीचं सरकार बनवण्यासारखं असतं. प्रत्येकाचा एक मुद्दा आणि प्रत्येकाकडे नकाराधिकार! बाबांना उन्हात चालायचं नसतं, आईला बाहेरचं तेलकट नको असतं, दादाला सुट्टी नसते आणि वहिनीला पाच वर्षांच्या चिरंजीवांची झोप सांभाळायची असते. बिनशर्त पाठिंबा देणारी एकटी आजी, वय वर्षे ७८. तर या १ मेला चमत्कार झाला. सगळे तयार झाले आणि एका थीम पार्कला जायचं ठरलं. नाव सांगत नाही, कारण असं कुठेही होऊ शकतं.

बुकिंगचं खातं अर्थातच माझ्याकडे. घरात एक कॉम्प्युटरवाला असला की प्रिंटरच्या शाईपासून आधार कार्डापर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात! पंधरा दिवस आधी सात तिकिटं काढली. पैसे गेले, पडद्यावरचं चक्र गरगरत राहिलं आणि शेवटी 'सेशन एक्स्पायर्ड'. अर्ध्या तासाने मेल आली. सात जण, तारीख बरोबर, क्यूआर कोड. तरी फोन करून विचारलं. "कन्फर्म आहे सर!" म्हटलं, चला.

गेटवरच्या मुलीने कोड स्कॅन केला. "सर, सिस्टममध्ये सहाच दिसतायत."

मेल दाखवली, बँकेचा एसएमएस दाखवला. तिने परत स्कॅन केलं. सहाच. खिडकीवर नवीन तिकीट काढू म्हटलं, तर आजचा कोटा फुल. ती बिचारी खरंच कळवळून म्हणाली, "सर, तुमचं बरोबर आहे हो. पण आमच्याकडे एडिटचा ऑप्शनच नाहीये."

मग सुरू झाली त्यागाची स्पर्धा. बाबा म्हणाले, "मी बसतो गाडीत. पेपर आहेच." आई म्हणाली, "तुम्ही कशाला? मी थांबते." दादा, वहिनी, मी, सगळ्यांनी अर्ज भरले. पण खरं सांगू का, प्रत्येकजण मनातून आजीच्या वाक्याची वाट बघत होता. 'मी बसते रे झाडाखाली' हे तिचं ठरलेलं वाक्य.

आजी म्हणाली, "मी नाही थांबणार. मला त्या मोठ्या पाळण्यात बसायचंय. लहानपणी जत्रेत एकदा बसले होते. त्यानंतर आपली पिशव्याच सांभाळतेय."

सगळे चिडीचूप. मी शाळेत असताना बाबा आम्हाला एस्सेलवर्ल्डला घेऊन गेले होते. मार्वे जेट्टीवरून बोटीने गेलो होतो, अजून आठवतं. घरी त्या दिवसाचे फोटो आहेत. त्यातल्या एकातही आजी नाही. ती पिशव्यांपाशी होती.

आता थोडं तांत्रिक (कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा :-)). पैसे घेणारी यंत्रणा आणि तिकीट देणारी यंत्रणा वेगवेगळ्या असतात. आपण पैसे भरेपर्यंत तिकिटं काही मिनिटं आपल्या नावाने राखून ठेवतात. तेवढ्यात निरोप पोचला नाही की तिकिटं सुटतात आणि दुसऱ्याला मिळतात. पैसे, मेल आणि गेटवरची यादी, तिन्हींचा ताळमेळ नंतर घालावा लागतो. आमचं तिकीट अशाच कुठल्यातरी फटीत पडलं असणार. आमच्या धंद्यात याला 'एज केस' म्हणतात. आमची एज केस नऊवारी नेसून उन्हात उभी होती.

गर्दीचा हा प्रश्न थीम पार्कांइतकाच जुना आहे. १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं, तेव्हा पहिला दिवस फक्त निमंत्रितांसाठी होता. बनावट पास घेऊन लोक घुसले आणि पहिल्याच दिवशी सगळा गोंधळ उडाला. १९९९ मध्ये डिस्नेने 'फास्टपास' आणला, म्हणजे रांगेत न उभं राहता वेळ राखून ठेवायची. २०२० मध्ये कोविडनंतर फ्लोरिडातली पार्क्स उघडली, ती तारखेच्या आरक्षणाची सक्ती घेऊनच. तारखेच्या तिकिटांवरची ती सक्ती २०२४ च्या जानेवारीत उठली. म्हणजे एवढे पैसे आणि एवढे इंजिनियर असूनही 'किती लोकांना, कधी आत सोडायचं' यावर प्रयोग चालूच!

आमच्याकडे मात्र प्रयोग झाला तो वेगळाच. तासाभराने पन्नाशीचे एक सुपरवायझर आले. मेल वाचली, कुणालातरी फोन लावला, तो लागला नाही. मग त्यांनी आजीकडे बघितलं आणि खिशातून चक्क कार्बनवालं पॅड काढलं. 'एक ज्येष्ठ नागरिक, बुकिंगमध्ये तफावत, पैसे भरल्याचा एसएमएस पाहिला, आत सोडावे.' वेळ आणि सही. मुलीला म्हणाले, "वरून विचारलं तर माझं नाव सांग. मी बघतो."

"मी बघतो." हे दोन शब्द कुठलंच ॲप म्हणत नाही.

थांबा, 'जुनं तेच सोनं' असलं काही मी म्हणत नाहीये. बाबांच्या तरुणपणी रेल्वेच्या खिडकीवर रात्र काढावी लागायची, आणि ओळख असलेल्याला मागच्या दाराने तिकीट मिळायचं. तेही एक 'मी बघतो'च होतं! १९८० च्या दशकात रेल्वेचं आरक्षण कॉम्प्युटरवर आलं, २००२ मध्ये घरबसल्या तिकीट मिळू लागलं, आणि वशिला नसलेल्यांचं भलंच झालं. ते परत नको.

पण त्या चिठ्ठीत आणि वशिल्यात फरक आहे. चिठ्ठीवर कारण होतं, वेळ होती, सही होती, आणि कार्बन कॉपी मागे राहिली होती. कुणीही उद्या जाब विचारू शकलं असतं. गेटवरच्या मुलीला सिस्टमने नेमका एवढाच अधिकार द्यायला हवा. कारण लिही, सही कर, माणसाला आत सोड. तिला समोरचं दिसत होतं, पटत होतं, आणि तिच्या हातात काहीच नव्हतं. माझ्या मते त्या दिवशीची सगळ्यात वाईट अडचण तिची होती.

असो. दुपारी आजी पाळण्यात बसली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला चिरंजीव. पाळणा वर जाऊन थांबला तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला, पण डोळे नाही मिटले. खाली बघून हसायला लागली.

खाली पिशव्या घेऊन बाबा उभे होते.