वलगाव ते बालेवाडी, लेकीच्या रायफलीसाठी

वऱ्हाडात बंदूक बापाकडून थोरल्या लेकाकडे जाते. शेत, वाडा, बैलजोडी आणि बारा बोअर, अशी ती वाटणी. आमच्या वलगावाकडची जुनी माणसं अजून सांगतात, कोणाच्या आजानं कोणत्या नाल्यात रानडुक्कर पाडलं आणि कोण काळविटामागं उन्हातान्हात किती लांब गेलं. 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. पुढच्या वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत आमचा मेळघाट होता. शिकार थांबली ते फार चांगलं झालं, असं मी मनापासून मानतो. पण बंदूक ही मुलाची वस्तू आहे, ही समजूत कायद्यानं जात नाही. लेकीला रायफल घेऊन द्यायची म्हटल्यावर गावात किंमत कोणी विचारली नाही. विचारलं ते एवढंच: "पोरीले कायले?"

पोरगी सव्वीस वर्षांची आहे, अमरावतीत बँकेत नोकरी करते. कॉलेजात असताना एनसीसीत तिनं बावीसची रायफल पहिल्यांदा हातात घेतली. पुढं दहा मीटरच्या एअर रायफलकडे वळली, पण कायम उसन्या रायफलीवर. क्लबची रायफल एका उंच मुलाच्या मापानं लावलेली. ही तिचा कुंदा सैल करून आपल्या खांद्याला जुळवायची, तोवर वेळ संपायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नोकरी कायम झाली तेव्हा मी म्हटलं, सोनं नको, काही दुसरं माग. ती म्हणाली, "बाबा, मले माह्या मापाची रायफल पाहिजे."

शेजारच्या शेतवाल्यानं मध्येच आपली अडचण मांडली. "घेऊनच राह्यले तं वावरासाठी घ्या न भाऊ. रोही अन् डुकरं तूर ठेवत नाहीत." त्याचं दुःख खरं आहे. माळ्यावर जागल करून, सुतळी बॉम्ब फोडून, झटका मशीन लावूनही सकाळी अर्धं वावर लोळवलेलं दिसतं, तेव्हा काय होतं ते मी जाणतो. पण पीक खाणाऱ्या जनावराला मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, त्याचे नियम आहेत, आणि परवान्याचं हत्यार लागतं. एअर रायफलनं ससा किंवा मोर टिपला तरी तो गुन्हाच. ही रायफल कागदावर मारण्यासाठी आहे, हे मी त्याला नीट समजावून सांगितलं. तो ऐकून घेत होता, पण कागदासाठी इतके पैसे, हे काही त्याला पटलं नाही.

दिवाळी झाली होती, सोयाबीन विकून झालं होतं, पऱ्हाटीत वेचणी सुरू होती. पोरगी आणि मी दुपारी पुण्याला निघालो. पेढी नदीच्या पुलाशी मी रिक्षा थांबवायला सांगितली. 20 डिसेंबर 1956 ला गाडगेबाबांनी इथंच देह ठेवला. आजारी बाबांना मोटारीतून अमरावतीकडे आणत होते. आमच्या गावातला माणूस शुभ कामाला निघताना इथं हात जोडतो. जत्रेत देवापुढं बोकड कापणाऱ्यांना बाबांनी जन्मभर खडसावलं, आणि मी तर रायफल आणायला निघालेलो. पण मला त्यात अवघडल्यासारखं वाटलं नाही. बाबा सांगत, पोरांना शिकवा. त्यासाठी ताट मोडा, हातावर भाकरी खा. लेकीच्या हातात एखादी विद्या पक्की बसावी म्हणून पैसा घालणं त्यांना रुचलं असतं, असं मला वाटतं.

बडनेऱ्याहून रात्रीची गाडी. मूर्तिजापूर, अकोला, शेगाव, सगळं अंधारात मागं पडत गेलं. खालच्या बाकावर बसून पोरगी मला दहा मीटरचा हिशेब समजावत होती. सगळं लक्ष्य साडेचार सेंटिमीटरच्या आसपास, आणि त्यातला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्याहून नऊपट रुंद. "मंग दहा कसे मोजतात?" मी विचारलं. छर्रा ठिपक्याला शिवला की दहा. साठ छर्रे, सव्वा तास. 2018 पर्यंत बायकांना चाळीसच असत आणि पुरुषांना साठ. सुमा शिरूरनं 2004 मध्ये क्वालालंपूरला चाळीसपैकी चाळीस दहा मारले, 400 पैकी 400. त्या काळी बाईला त्याहून पुढं जायला जागाच ठेवलेली नव्हती.

मला हे फार लागलं. चाळीसच का, याचं पटेल असं उत्तर माझ्या ऐकण्यात नाही. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये रायफलच्या स्पर्धा स्त्री-पुरुषांच्या एकत्र होत्या. तिथं अमेरिकेच्या मार्गारेट मर्डॉक आणि लॅनी बॅशम यांचे गुण सारखे झाले. नियमाप्रमाणे सुवर्ण बॅशमला गेलं, तर राष्ट्रगीताच्या वेळी त्यानं तिला आपल्या पायरीवर ओढून घेतलं. बायकांसाठी वेगळ्या स्पर्धा त्यानंतर 1984 मध्ये आल्या. नेमबाजीत ताकदीचा खेळ कमी, स्थिर राहण्याचा जास्त, हे तेव्हाच दिसलं होतं.

पोरीच्या डोक्यात मात्र तेजस्विनी सावंत. कोल्हापूरची ही मुलगी 2010 मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेती झाली, 600 पैकी 597 गुण, जागतिक विक्रमाची बरोबरी. नेमबाजीत विश्वविजेती होणारी ती पहिली भारतीय स्त्री. तिचे वडील नौदलात होते. ते सुवर्ण बघायला राहिले नाहीत, त्याच वर्षी काही महिने आधी गेले. मनमाड येईपर्यंत मला झोप लागली नाही. मुलीच्या नेमबाजीमागं उभे राहणारे बाप मराठी मुलखात आधीही झाले, मी काही जगावेगळं करत नाही, एवढा आधार मात्र मिळाला.

सकाळी पुणे, तिथून बालेवाडी. श्री शिवछत्रपती क्रीडानगरी 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभी राहिली, 2008 च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धाही इथं झाल्या. शूटिंग रेंज आत एका बाजूला आहे. दहा मीटरच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं तेव्हा मला आवाजाचीच जास्त उत्सुकता होती. बारा बोअर लहानपणी ऐकलेली. ती उडाली की छातीत धक्का बसायचा आणि गावातली कुत्री भुंकायला लागायची. इथं फक्त टक्, टक्. कडक कॅनव्हासचे जाकीट-पँट घातलेली पोरं-पोरी ओळीनं उभी, कोणी कोणाशी बोलत नाही.

ज्या प्रशिक्षकांना भेटायचं होतं त्या पन्नाशीच्या बाई. त्यांनी रायफल दाखवलीच नाही आधी. पोरीला म्हणाल्या, हात लांब कर, दोन्ही पंजांचं छोटं भोक कर, त्यातून तो भिंतीवरचा दिवा बघ, आता एकेक डोळा मीट. उजवा मिटला तरी दिवा दिसत राहिला, डावा मिटला तर गेला. उजव्या हाताची मुलगी, पण नेमाचा डोळा डावा. एवढी वर्षं ही डावा डोळा मिटून, अर्धा चेहरा आवळून मारत होती. बाईंनी साइटवर डाव्या डोळ्यापुढं येईल अशी छोटी पट्टी लावायला सांगितली. दोन्ही डोळे उघडे राहतात, चेहरा सैल राहतो आणि तासाभरानं डोकं दुखत नाही.

मग माप. दर्जीण घेते तसं. खांद्यापासून ट्रिगरच्या बोटापर्यंत, गालाच्या हाडापासून डोळ्यापर्यंत, आणि कमरेच्या हाडापासून हनुवटीपर्यंत. हे शेवटचं कशाला, मला कळेना. त्यांनी पोरीला उभं केलं. उभ्यानं मारताना डाव्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं आणि रायफलचं वजन स्नायूंवर न येता हाडांवरून जमिनीत उतरतं. धड लांब आणि हात आखूड असेल तर रायफल डोळ्यापर्यंत पोचत नाही, मग माणूस मान खाली घालतो, आणि मान वाकली की सगळं गेलं. अशा मुलीला पुढच्या बाजूला, हाताखाली, उंची वाढवणारा तुकडा बसणारी रायफल लागते. माझ्या लेकीचं धड माझ्यासारखं लांब. मी तिच्याकडे बघत राहिलो. लहानपणी शाळेचा फ्रॉक शिवताना शिंपी म्हणायचा, पोरीची उंची पायात नाही, ते आठवलं.

रायफली तीन होत्या. एक जर्मन, कोरी, अॅल्युमिनियमच्या सांगाड्याची. फाइनवर्कबाऊ, वाल्थर, अॅनशुट्झ ही नावं इथल्या पोरांच्या तोंडी आमच्याकडे बैलांच्या जातींची असतात तशी सहज येतात. अशा कोऱ्या रायफलीला काही लाख मोजावे लागतात. दुसरी देशी बनावटीची, पुष्कळ स्वस्त, शिकणाऱ्याला चांगली. तिसरी जर्मनच, पण वापरलेली, लाकडी पट्ट्या चिकटवून केलेल्या कुंद्याची. एका मुलीनं नोकरीसाठी खेळ सोडला म्हणून विकायला ठेवलेली. वापरलेल्या रायफलीत काय बघायचं ते बाईंनी दाखवलं. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. दहा वर्षांनंतर तो वापरायचा नसतो, आणि नवा सिलिंडर स्वस्त येत नाही. हवेचा दाब रात्रभर टिकतो का, ट्रिगर प्रत्येक वेळी त्याच जागी सुटतो का, आणि रायफल शिकंज्यात बांधून मारले तर छर्रे एकाच भोकात जातात का. स्पर्धेत साडेपाच किलोच्या वर वजन चालत नाही, पण जड म्हणजे स्थिर असं समजून लहान चणीच्या मुलींच्या हाती जड रायफल देणारे पालक त्यांनी पुष्कळ पाहिले होते. सहा महिन्यांत पाठ धरते आणि पोरगी खेळ सोडते, म्हणाल्या.

सगळ्यात शेवटी जी परीक्षा घेतली ती मला फार आवडली. पोरगी लाइनवर उभी राहिली, लक्ष्यावर नेम धरला. बाई म्हणाल्या, आता डोळे मीट, श्वास सोड, अंग ढिलं कर, उघड. कुठं आहे नळी? कोऱ्या जर्मन रायफलीची नळी दर वेळी उजवीकडे सरकलेली. देशीची खाली. वापरलेलीचा गालाचा तुकडा दोन वेळा वर-खाली केला, बट अर्धा इंच आत घेतला, पुन्हा डोळे मिटले. उघडले तेव्हा ती काळ्या गोलाच्या आत होती. शरीर ढिलं सोडल्यावर रायफल जिथं जाते तिथंच तिचा खरा नेम असतो. तिथून ओढून आणावी लागली तर साठाव्या छर्ऱ्यापर्यंत हात थरथरणारच. पोरीनं आणखी पाच वेळा करून पाहिलं. मग रायफल स्टँडवर ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, हे माही हाये."

मला कोरी घेऊन द्यायची होती. लेकीला पहिल्यांदा काही मोठं देतो आहे तर कोणाचं वापरलेलं का, असं मनात येत होतं. पण देणाऱ्याची हौस आणि घेणारीचं माप यांत मापाचंच ऐकावं, हे तिथं स्पष्ट दिसत होतं. वाचलेल्या पैशांत तिच्या अंगाचं जाकीट, बूट आणि छर्ऱ्यांचे डबे आले.

कागदोपत्री काम थोडं. साडेचार मिलिमीटरपर्यंतची, वीस जूलपर्यंत जोर असलेली एअर रायफल 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवान्याशिवाय घेता येते. ओळखपत्र आणि पावती मात्र जपून ठेवायची. आजाच्या बारा बोअरसाठी कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत, तसं इथं काही नाही. बाईंनी जाताना एकच सांगितलं: रोज अर्धा तास, छर्रा न घालता, भिंतीसमोर. आणि जमलं तर घरात दहा मीटर मोजून लक्ष्य लाव, जमिनीपासून एक मीटर चाळीस सेंटिमीटरवर.

परतीच्या गाडीत कुलूपबंद पेटी सीटखाली, आणि पोरगी फोनवर आईशी. सोयाबीन गेल्यावर रिकामा झालेला कोठा तिच्या मनात होता. मागची भिंत दगडी, पलीकडे कोणाचं येणं-जाणं नाही, खिडकी नाही. आईला टेप घेऊन उभं केलं होतं. मला इकडचंच ऐकू येत होतं. "भिंतीपासून दारापर्यंत, माय. नीट ताणून धर." थोडा वेळ गेला. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "साडेनऊच भरते, बाबा."

"दार काढलं तं?" मी विचारलं.

तिनं पुन्हा आईला विचारलं. दार काढून ओसरीच्या खांबापाशी उभं राहिलं तर दहा भरून वर वीतभर उरत होतं. "आई म्हणते, दार तसंही उन्हाळ्यापासून लागत नाही. सुताराले उद्याच बोलावते म्हणे."

"उद्या नको," मी म्हटलं, "परवा सांग. उद्या आपण झोपू."