पीळ

स्प्रिंग तुटल्याचा फोन बहुधा सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला येतो. दुकानदाराने कुलपं काढलेली असतात, खिशात उदबत्तीचा पुडा असतो, शेजारच्या दुकानातली दोन पोरं जोर लावून थकलेली असतात आणि शटर गुडघ्याच्या वर यायला तयार नसतं. "मिस्त्री, काल रात्रीपर्यंत लोण्यासारखं चालत होतं हो!" हे वाक्य मी बत्तीस वर्षं ऐकतोय. लोण्यासारखं वगैरे काही चालत नसतं. महिना-दोन महिने ते जड झालेलं असतं, वर जाताना मध्येच कुरकुरत असतं. पण घरातल्या माणसाचं वय वाढलेलं जसं रोज बघणाऱ्याला दिसत नाही, तसं रोजच्या शटरचं जडपण हाताला कळत नाही.

कितीदा तरी ती रात्रीच तुटलेली असते. गल्लीतला रखवालदार सांगतो, "दोनच्या सुमाराला सिलिंडर फुटल्यासारखा आवाज झाला." शेठला नवल वाटतं. रात्री कोणी हातसुद्धा लावला नाही, मग तुटली कशी?

दुकान बंद म्हणजे शटर आराम करतंय, अशी सगळ्यांची समजूत. खरं तर उलटं आहे. वरच्या पत्र्याच्या खोक्यात एक लोखंडी पाईप आडवा असतो. तो फिरत नाही, दोन्ही टोकांना ब्रॅकेटमध्ये क्लॅम्पने आवळलेला असतो. त्या पाईपवर स्प्रिंगा ओवलेल्या. स्प्रिंगचं एक टोक पाईपला अडकवलेलं, दुसरं पुलीला, आणि पुलीला शटरची सगळ्यात वरची पट्टी बोल्टने धरलेली. शटर खाली ओढलं की पुली फिरते, पाईप ढिम्म राहतो आणि मधल्या मध्ये स्प्रिंगला पीळ बसत जातो. म्हणजे शटर वर असतं तेव्हा पीळ सगळ्यात कमी आणि कुलूप लावून शेठ घरी जाऊन जेवायला बसतात तेव्हा सगळ्यात जास्त.

आठ बाय आठचं शटर पत्र्याच्या जाडीप्रमाणे साठ-सत्तर किलो सहज भरतं. सदाशिव पेठेत एक औषधाचं दुकान आहे, तिथल्या बाई सडपातळ, साठीच्या. सकाळी एका हातात डबा धरून दुसऱ्या हाताने शटर वर ढकलतात. ते वजन त्या उचलत नाहीत. आदल्या रात्री शटर खाली येताना त्याच्याच वजनाने स्प्रिंगमध्ये जे भरलं गेलं, ते सकाळी परत मिळतं. आणि ह्यात खरी गंमत पुढेच आहे. शटर जसजसं खाली येतं तसतसं गुंडाळी सोडून लटकणारं वजन वाढतं, आणि तसतसा पीळही वाढतो. दोघं बरोबरीने वाढतात, म्हणून ते मध्ये कुठेही सोडलं तरी जागेवर राहतं. जेवढा ताण तेवढा जोर, हा हिशेब रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रजाने १६७८ साली छापला, असं मला माझ्या मुलीने सांगितलं. मला हे काम शिकवणाऱ्या वस्तादांना हूक माहीत नव्हता. ते शटर कमरेपर्यंत आणून सोडायचे आणि दोन पावलं मागे सरून बघायचे. वर पळालं तर पीळ जास्त, खाली घसरलं तर कमी.

पुण्याच्या दुपारच्या झोपेवर सगळे विनोद करतात. आमच्या बाजूने बघा. मुंबईचं शटर सकाळी उघडतं, रात्री मिटतं. पेठेतलं शटर एकला मिटतं, चारला पुन्हा उघडतं. दिवसाला एकाच्या जागी दोन फेऱ्या, म्हणजे स्प्रिंगचं आयुष्य निम्म्यावर. त्या एक ते चारने माझ्या मुलीची फी भरली आहे, त्यामुळे मी त्या विनोदाला हसत नाही.

आता बदलायचं काम. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्या धंद्यात ही म्हण शब्दशः खरी आहे. शटरला स्प्रिंगा दोन, तीन, रुंदीप्रमाणे चारही असतात. एक तुटली म्हणजे तिच्यातला पीळ गेला, शेजारणीतला जशाचा तसा. नवखा माणूस तुटलेल्या स्प्रिंगकडे बघत राहतो. धोका तिच्यात नसतोच, तो न तुटलेलीत असतो.

म्हणून आधी शटर वर न्यायचं. चार माणसं लागतात, आणि दर फूटभराला खाली लाकडी बल्ली टेकवत जायचं, कारण कुणाचा हात निसटला तर खाली पाय असतात. बोटं दोन पट्ट्यांच्या सांध्यात कधीच नाहीत. पट्ट्या वळताना तो सांधा अडकित्त्यासारखा मिटतो. पूर्ण वर गेलं की गुंडाळीला दोन ठिकाणी दोर आवळायचा आणि दुकानाच्या मालकाला चहा प्यायला पाठवायचं. हा भाग मी गमतीने सांगत नाही. "काय झालं, काय झालं" करत मालक नेमका घोडीखाली येऊन उभा राहतो.

एवढं झालं तरी स्प्रिंगमध्ये बसवताना दिलेला आगाऊ पीळ उरलेलाच असतो. तो सोडवायला दोन पाईप पाने. एक पाना पाईपवर बसवून हाताने भार घ्यायचा, मग क्लॅम्पचे नट ढिले करायचे. नट ढिला होताच पाईप जिवंत होतो. दुसरा शब्द मला सुचत नाही. इतकी वर्षं न हललेला पाईप पान्यातून तुमच्या खांद्यात ढकलायला लागतो, आणि त्याची ती ढकल एकसारखी असते, माणसासारखी दमत नाही. पाव फेरा सोडायचा, दुसरा पाना बसवायचा, त्याने भार घेतला की पहिला काढायचा. एक घट्ट बसल्याशिवाय दुसरा निघत नाही. घाई केली तरी काम लवकर होत नाही आणि हळू केलं तर हात भरून येतात, त्यामुळे ह्याची एक लय असते आणि ती फक्त करून येते.

१९९६ साली माझी ती लय चुकली. बोहरी आळीच्या मागच्या बाजूला एक गोदाम होतं. पान्याचे दात झिजलेले होते हे मला माहीत होतं. नवा घ्यायला पुढच्या आठवड्यात जाऊ म्हणून मी तोच वापरला. त्यात पाईपवर जुनं ग्रीस. पाना घसरला, पुन्हा अर्धवट चावला आणि पाईपबरोबर गरकन फिरला. दांडा माझ्या डाव्या मनगटावर बसला. मी डोकं दोन इंच पुढे ठेवलं असतं तर हे लिहायला मी नसतो. हाड मोडलं, दीड महिना प्लास्टर. पावसाळ्यात अजून ते मनगट हवामान खात्याच्या आधी बोलतं.

वस्ताद मला ओरडले नाहीत. प्लास्टर निघाल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी तो झिजका पाना माझ्यासमोर भंगारात टाकला, नवा हातात दिला आणि रिकाम्या पाईपवर बसवायला लावला. मग म्हणाले, "पोरा, आता हा सुटला असं समज. कुठे जाईल?" मी हवेत हाताने गोल काढून दाखवला. "मग त्या गोलात तुझं काय काय आहे?" माझं तोंड होतं, खांदा होता. मी घोडी फूटभर बाजूला सरकवली. "आता?" आता फक्त मूठ. "ती तरी लागणारच," म्हणाले आणि बिडी पेटवायला बाहेर गेले. तेव्हापासून मी घोडी लावण्याआधी तो गोल हवेत काढतो. गिऱ्हाइकांना वाटतं मिस्त्री काहीतरी मंत्र म्हणतोय.

ह्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग म्हणजे भाव. "तुटली एक, मग बदलायच्या दोन का?" कारण दोघी एकाच दिवशी बसल्या, दोघींनी तितकेच पीळ खाल्ले. पहिली आज गेली, दुसरी पुढच्या दिवाळीच्या गर्दीत जाणार. शेठ मान हलवतात आणि एकच बदलायला सांगतात. आता मी बिलावर तसं लिहून त्यांची सही घेतो. सरकारी कामांत ही कटकट नाही. तिथे टेंडरातच लिहिलेलं असतं की स्प्रिंग साडेसत्तावीस सेंटिमीटर लांबीची, आयएस ४४५४ प्रमाणे उच्च ताणशक्तीच्या तारेची. बाजारात मात्र वजनावर मिळणारी, कशाची तार आहे देव जाणे अशीही मिळते. हातात घेऊन दोन वेढ्यांमध्ये नख घालून बघावं. चांगली स्प्रिंग नख धरून ठेवते.

तुटलेले तुकडे मी फेकत नाही, एका डालड्याच्या डब्यात आहेत. तुटलेलं तोंड उजेडात धरून बघा. एका कडेला चंद्रकोरीएवढा काळपट, गुळगुळीत डाग असतो, आणि उरलेला भाग साखर फुटावी तसा चमकणारा, दाणेदार. काळी कोर जुनी. गंजाच्या एखाद्या टाचणीएवढ्या खड्ड्यापासून चीर सुरू झाली आणि रोजच्या उघडझापेत केसाकेसाने आत सरकत राहिली. चमकणारा भाग त्या एका रात्रीचा. मुलगी मेकॅनिकलला होती तेव्हा तिने हे तुकडे कॉलेजात नेऊन दाखवले होते. आल्यावर म्हणाली, रेल्वेचे आस असेच तुटायचे आणि वोलर नावाच्या जर्मनाने दीडशे वर्षांपूर्वी त्यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले. मग म्हणाली, "बाबा, आणखी एक. तुम्ही पीळ पीळ म्हणता ना, स्प्रिंगला पीळ बसतो, पण तिच्या तारेला पीळ बसतच नाही. तार फक्त वाकते."

मी तिला वेड्यात काढलं. तीस वर्षं ज्याच्या नावाने जेवलो ते खोटं? रात्री एकटाच बसून एका उरलेल्या स्प्रिंगवर खडूने लांबीला सरळ रेघ ओढली, एक टोक शेगड्यात धरलं आणि दुसरं फिरवलं. रेघ नागमोडी झाली, वेढे आवळून बारीक झाले, पण एकेका वेढ्यावरची खडूची खूण जिथे बाहेरच्या अंगाला होती तिथेच राहिली, आत वळली नाही. तार वाकत होती, पिळत नव्हती. पोरगी बरोबर होती. शब्द मात्र मी बदलला नाही.

२०२० च्या मार्चअखेर सगळी शटरं खाली आली आणि दोन-अडीच महिने तशीच राहिली. मला वाटलं होतं, उघडझाप नाही म्हणजे काम नाही. जूनमध्ये फोन थांबेनात. इतके दिवस पूर्ण ताणात उभ्या स्प्रिंगा, त्यात ग्रीस वाळलेलं, मग पहिला पाऊस. बऱ्याच जणांनी एवढ्या दिवसांनी उघडायचं म्हणून हौसेने जोरात हिसका दिला आणि तिथेच तुटली. एक कापडवाले अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर आले आणि म्हणाले, "मिस्त्री, हिनेही दम सोडला." त्यांच्याकडून मी मजुरी घेतली नाही. माल मात्र रोख.

गेल्या जानेवारीत भाच्याचा व्हिडिओ कॉल आला, न्यू जर्सीहून. तिकडे सकाळचे सात. "मामा, गॅरेजमध्ये बंदुकीसारखा आवाज झाला. दार चार बोटं उचललं जातंय आणि मोटर थांबतेय." त्याने फोन वर केला. दाराच्या माथ्यावर आडवी दांडी, तिच्यावर दोन लांब स्प्रिंगा, त्यातल्या एकीत दोन इंचांची फट. बघता क्षणी ओळख पटली. आमचा पाईप थांबतो आणि पुली फिरते. त्यांची दांडीच फिरते आणि टोकांच्या चक्र्यांवर तारेचे दोर गुंडाळून दार उचलते. बाकी घराणं एकच. त्याच्या दुसऱ्या हातात काय आहे ते मग दिसलं. दोन लांब स्क्रूड्रायव्हर.

"ते आधी खाली ठेव," मी म्हणालो.

"मामा, सळया उद्या येणार आहेत. तोवर ह्याने..."

"खाली ठेव म्हणतो ना!"

त्या स्प्रिंगच्या टोकाला चार भोकांचा शंकू असतो. त्यात अर्ध्या इंचाच्या दोन पोलादी सळया आळीपाळीने घालून पाव-पाव फेऱ्याने पीळ भरतात. सात फुटी दाराला साधारण साडेसात फेरे, म्हणजे तीस वेळा सळी घालायची आणि काढायची. स्क्रूड्रायव्हर त्या भोकात खुळखुळतो. तिसाव्या वेळेपर्यंत टिकेल ह्यावर कोण पैज लावणार? मी त्याला मोटर बंद करायला लावली, मोटरपासून दार सोडवणाऱ्या लाल दोरीला हात लावू नको म्हणालो, आणि तिथला माणूस बोलाव म्हणून बजावलं. त्याला ते आवडलं नाही. इंजिनिअर आहे.

माणूस नऊला आला, इथे संध्याकाळचे साडेसात. भाच्याने फोन खोक्यावर टेकवून ठेवला आणि मी जेवण सोडून बघत बसलो. उंच, पिकल्या मिशीचा माणूस होता, एक शब्द बोलला नाही. आधी दार वर उडू नये म्हणून रुळाला पकडीचा पाना लावला. मग न तुटलेल्या स्प्रिंगकडे वळला. सळी घातली, भार घेतला, स्क्रू सैल केले. सळी घातली, सळी काढली. दोन्ही स्प्रिंगा उतरवून नव्या दोन्ही चढवल्या, एकीवर वाद नाही. नव्या स्प्रिंगांवर खडूने सरळ रेघ ओढली, फेरे मोजायला. ती रेघ बघून मी हसलो तर बायकोने आतून विचारलं, काय झालं.

पण मी बघत होतो ते त्याचे पाय. शिडी शंकूच्या समोर नव्हती, फूटभर डावीकडे होती. तोंड बाजूला, खांदा मागे, सळीच्या गोलात फक्त मूठ. मनात मी वस्तादांसारखं विचारलं, आता हा सुटला असं समज, कुठे जाईल? कुठेही गेला असता तरी चाललं असतं.

तिसावा पाव फेरा झाला. त्याने स्क्रू आवळले, पकडीचा पाना काढला, मोटरची जोडणी सोडवली, दार कमरेपर्यंत उचललं आणि हात काढून घेतले. मग दोन पावलं मागे सरला.

दार तिथेच राहिलं. भाचा म्हणाला, "मामा, झालं वाटतं." मी म्हणालो, थांब, तो अजून बघतोय.