दात्याचा प्रश्न

दिल्लीत नोकरीस असताना एक मराठी तरुण आपले संशोधनाचे टिपण घेऊन माझ्याकडे आला होता. विषय होता ऊसतोड कामगारांची मजुरी. ज्या न्यासाकडे त्याने अर्ज केला होता, त्याला मात्र त्यांच्या बचतीच्या सवयींत रस होता. "विषय थोडा बदला, निधी मिळेल," असा सल्ला मी दिला. आज त्याचा अहवाल माझ्यापुढे आहे; त्यातील एकही आकडा खोटा नाही.

दाता उत्तर विकत घेतोच असे नाही. पुष्कळदा तो केवळ प्रश्न निवडतो. अमेरिकेतील कार्नेगी निधीच्या साहाय्याने दक्षिण आफ्रिकेत दारिद्र्याची चौकशी झाली व १९३२ साली तिचे पाच खंड निघाले. विषय होता गरीब गोऱ्यांचा! कृष्णवर्णीयांच्या दारिद्र्याकडे वळणारी दुसरी कार्नेगी चौकशी व्हावयास १९८० नंतरचा काळ यावा लागला.

म्हणून देणगीच नको, असे म्हणवत नाही. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतूनच १९३० साली पुण्याची गोखले संस्था उभी राहिली, आणि धनंजयराव गाडगीळांनी तेथून पुण्यातील कुटुंबांची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. पैसा एकाचा, प्रश्न शहराचा.

त्या तरुणाच्या अहवालात मजुरीचे प्रकरण नाही. ते दात्याने खोडले, असे मी कित्येक दिवस मनाशी म्हणत आलो. खोडणारा हात माझाच होता.