आत कोण हाय गे?

टीव्हीवरच्या मालिका मी बघते, हे मी कुणापासून लपवत नाही. चार शिकलेल्या बायका एकत्र जमल्या की "आम्ही बाई मालिका बघतच नाही, फक्त बातम्या" असं म्हणायची पद्धत आहे. मग बोलता बोलता एकीच्या तोंडून निघून जातं की कालच्या भागात तिनं ते पाकीट उघडलंच नाही, आणि उरलेल्या तिघी एकदम म्हणतात, "अगं उघडलं की! शेवटी दाखवलं."

आमच्यासारख्या घरांत तर मालिकांची आयती सोय झालेली आहे. दिवेलागणीच्या आत जेवणं उरकायची आमची जुनी रीत. हिवाळ्यात बेळगावात सहाच्या सुमारास अंधारायला लागतं, म्हणजे त्याच्या आधीच पानं वाढलेली असतात. सातला मालिका सुरू होतात तेव्हा ओटा पुसून कोरडा झालेला असतो. इतर घरांतल्या बायका एक कान टीव्हीकडे ठेवून पोळ्या लाटतात, आम्ही मांडी घालून बसतो. दुकानातून उशिरा येणाऱ्या पुरुषांना ही रीत जमत नाही आणि त्यांच्यासाठी कुठल्या ना कुठल्या बाईला पुन्हा गॅस पेटवावा लागतो, ही गोष्ट वेगळी.

३ जुलै २००० या एकाच दिवशी स्टार प्लसवर दोन गोष्टी सुरू झाल्या. 'कौन बनेगा करोडपती' आणि 'क्योंकि सास भी कभी बहू थी'. पहिलीबद्दल लोक अभिमानानं बोलतात, दुसरीबद्दल हसून. दुसरी रात्री साडेदहाला लागायची. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जेवून चार-साडेचार तास झालेले असले तरी तुलसीसाठी जाग्या राहायच्या. त्यांचं माहेर निपाणीकडचं. घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. हिंदी यथातथाच. पण ढोल वाजला की कुणाचं तरी वाईट होणार आणि बासरी वाजली की देवघर दाखवणार, एवढ्यावर त्यांचं भागायचं. मी सांगायला गेले तर म्हणायच्या, "गप बस गे, कळतंय की मला."

मालिकांत काय काय होतं आणि त्यावर लोक का हसतात, ते मलाही कळतं. 'ससुराल सिमर का' मध्ये २०१६ साली नायिकेची माशी झाली. चांगली घरकाम करणारी, डोक्यावर पदर घेतलेली सून, ती माशी होऊन घरभर फिरू लागली. पाठशाळेत जीवांची इंद्रियं पाठ केलेल्या आमच्या शेजारच्या मुलीनं तेव्हा फार गंभीरपणे शंका काढली होती : "काकू, पंचेंद्रियातून चतुरिंद्रियात जायचं तर आधी देह सोडायला लागतो ना? ही डायरेक्ट कशी गेली?" मला उत्तर देता आलं नाही.

'साथ निभाना साथिया' मधल्या गोपीनं तर नवऱ्याचा लॅपटॉप साबणपाण्यानं धुतला. ते दृश्य अजून मोबाईलवर फिरतं आणि लोक अजून हसतात. मीही हसते. पण हसून झाल्यावर आमच्या हॉलमधल्या रिमोटकडे बघते. तो विकत आणल्या दिवसापासून प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, वरून रबर लावलेलं. फ्रीजच्या दांडीला विणलेलं कव्हर आहे. मिक्सरला टॉवेलाची टोपी आहे. घरात आलेली नवी वस्तू स्वच्छ ठेवायची एवढंच ज्या मुलीला शिकवलं, आणि ती वस्तू चालते कशी हे कुणी सांगितलंच नाही, ती दुसरं काय करणार? गोपी शाळेत न गेलेली दाखवली होती. तिनं लॅपटॉप धुतला ते खोडी म्हणून नव्हे, नवऱ्याची चीज चकचकीत दिसावी म्हणून.

याच मालिकेतला कुकर पुढे देशभर गाजला. मालिका २०१० साली सुरू होऊन २०१७ साली संपलीसुद्धा होती. ऑगस्ट २०२० मध्ये औरंगाबादच्या यशराज मुखाटे या मराठी तरुणानं तिच्यातला एक जुना प्रसंग उचलला, संवादांना ताल लावला, खाली संगीत घातलं आणि 'रसोडे में कौन था' म्हणून सोडून दिला. मुलगा शिकून इंजिनिअर झालेला, कान मात्र गवयाचा. प्रसंग असा, की सासूबाई कोकिलाबेन दोन्ही सुनांची झडती घेते आहे. कुणीतरी कुकरमधले चणे काढून घेऊन रिकामा कुकर गॅसवर चढवला होता. त्या वेळी स्वयंपाकघरात कोण होतं? शेवटी नाव निघतं ते राशीचं. राशीचं काम करणारी रुचा हसबनीसही मराठीच. म्हणजे गुजराती घरातला हिंदी कुकर, पण त्याला नाव आणि ताल मिळवून दिला मराठी माणसांनी, असं आम्ही म्हणायला हरकत नाही.

तो काळ आठवा. सगळे घरात कोंडलेले. मार्चपासून मालिकांचं चित्रीकरण बंद पडलं होतं आणि दूरदर्शननं १९८७ सालचं 'रामायण' पुन्हा लावलं होतं. आमचा धाकटा बेंगळुरूच्या नोकरीवरून घरी येऊन पुढच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायचा. ते गाणं त्यानं दिवसातून दहा वेळा लावलं असेल. चहाचा कप उचलायला आला तरी त्याच चालीत विचारायचा, स्वयंपाकघरात कोण? गंमत इतकी वाढली की त्याच वर्षी ऑक्टोबरात मालिकेचा दुसरा भाग सुरू झाला.

मला प्रश्न पडला तो वेगळाच. यात हसण्यासारखं नेमकं काय आहे? लोकांना हसू येत होतं ते कोकिलाबेनच्या गांभीर्याचं. रिकामा कुकर, आणि त्यावर एवढी चौकशी! पण आमच्या घरी क्रिकेटचा सामना लागला की काय चालतं? चेंडू आधी बॅटला लागला की पॅडला, यासाठी मैदानावर मोठी माणसं हात बांधून उभी राहतात. तिसरा पंच तेच चित्र पुढून, मागून, बाजूनं, हळू करून बघतो. आवाजाची बारीक रेघ हलली का तेही बघतो. २००८ साली भारत-श्रीलंका कसोट्यांत ही पद्धत पहिल्यांदा वापरली, मग आपल्या मंडळानं कितीतरी वर्षं तिच्याशी भांडण मांडलं आणि २०१६ साली इंग्लंडविरुद्ध ती परत घेतली. तेवढी वर्षं आमच्या घरातले पुरुष त्यावर तावातावानं बोलत होते. कोकिलाबेनही तेच करते. तीच तीन बाजूंनी चेहरे दाखवण्याची रीत, तोच थांबून थांबून येणारा निकाल. एकाला खेळाचं शास्त्र म्हणतात आणि दुसऱ्याला बायकांचा तमाशा.

कुकर ही काही हसण्यावारी न्यायची वस्तू नाही. पाणी नसलेला कुकर शिट्टी देत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. वाफच नाही तर शिट्टी कसली? तो आत गपचूप तापत राहतो. बूड काळं पडतं, झाकणाच्या रबराचा वास सुटतो, आणि शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो. भरलेला कुकर ओरडून सांगतो, रिकामा सांगत नाही.

तरी माझी मालिकावाल्यांवर एक तक्रार आहेच. स्वयंपाकघरात सत्ता असते हे त्यांना बरोबर कळलं. किल्ल्या कुणाकडे, आज काय करायचं हे ठरवणार कोण, मीठ कुणी जास्त घातलं, यावर त्यांनी हजारो भाग काढले. पण स्वयंपाकघरात काम असतं हे त्यांच्या गावीच नाही. त्या घरांत कुणी भांडी घासताना दिसत नाही, भाजी निवडताना दिसत नाही. दुधावर लक्ष ठेवून कुणी उभं राहत नाही. आत कोण होतं हे विचारतात ते गुन्हेगार सापडावा म्हणून. आत कोण राबतंय हे जाणून घ्यायला कुणी तो प्रश्न विचारत नाही.

आमच्या घरी हा प्रश्न खराखुरा आला तो त्याच वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर. दुपारचे साडेचार झाले असतील. मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होते. रबर जळल्याचा वास आला म्हणून धावत खाली आले, तोवर धाकट्यानं गॅस बंद केला होता. कुकरचं बूड काळंठिक्कर पडलेलं. आत काहीच नव्हतं, ना डबा, ना पाणी. आमचे हे पण बाहेरून आले. सगळे ओट्यापाशी जमलो. धाकट्याच्या ओठांवर ती चाल आलेलीच होती. त्यानं तोंड उघडलंही, पण तेवढ्यात त्याचं लक्ष दाराकडे गेलं. आत्याबाई तिथं उभ्या होत्या. त्यांच्या हातात पातेलं, पातेल्यात स्वच्छ धुतलेले तांदूळ आणि वर बेतानं घातलेलं पाणी. सगळं नेहमीसारखं. फक्त ते कुकरमध्ये गेलं नव्हतं.

त्यांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि विचारलं, "कुणी ठेवला गे कुकर?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. साठ-पासष्ट वर्षं रोज भात लावलेली बाई. कुणाच्या तोंडून शब्द निघेना.

मग धाकटा म्हणाला, "मी ठेवला आज्जी. तुला मदत करायला गेलो."

आत्याबाईंनी त्याला असं फैलावर घेतलं की बघत राहावं. "पाण्याबिगर कुकर ठेवतात काय रे? एवढं इंजिनेर झालास, तुला एवढं कळत न्हाई?" तो मान खाली घालून ऐकत राहिला. खोटं बोलू नये हे त्यालाही पाठशाळेतच शिकवलं होतं. मी त्याला काही म्हटलं नाही. त्यानंतर ती चाल मात्र आमच्या घरात कुणी म्हटली नाही.

पुढे त्यांचं विसरणं वाढत गेलं. डॉक्टरांनी गॅसपासून लांब ठेवा म्हणून सांगितलं. शेगडीचं काम झालं की आम्ही सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायला लागलो. हॉलमध्ये टीव्हीसमोर त्यांची खुर्ची ठेवली. मालिकेत कोण कुणाची कोण हे त्यांना आठवेना, पण कुणी रडायला लागलं की त्यांच्याही डोळ्यांना पाणी यायचं. आणि आतून भांड्याचा आवाज आला, फोडणी तडतडली, नळ सुटला, की मान न वळवता विचारायच्या, "आत कोण हाय गे?"

"मी हाय आत्याबाई."

"बरं बरं."

दहा मिनिटांनी पुन्हा तेच. दोन वर्षं हे चाललं. दिवसातून किती वेळा ते मोजलं नाही. मी तांदूळ निवडता निवडता उत्तर द्यायची, कणीक मळता मळता द्यायची. त्या प्रश्नात संशय नव्हता, झडती नव्हती. ज्या खोलीत त्यांचं सगळं आयुष्य गेलं तिथं आता त्या नव्हत्या, तर दुसरं कुणीतरी आहे ना, एवढीच त्यांना खात्री करून घ्यायची असायची. उत्तर ऐकलं की त्यांचे खांदे सैल पडलेले दिसायचे.

एक गंमत सांगते. मी बाहेर गेलेली असले की आत यांना जावं लागे. भांडं वाजे, प्रश्न येई, आणि हे म्हणत, "मी आहे आई." त्यावर आत्याबाई म्हणायच्या, "तू न्हवं रे. आत कोण हाय?" पुरुष आत असला तरी त्यांच्या लेखी स्वयंपाकघर रिकामंच! हे बिचारे दोनदा सांगून बघत, मग गप्प बसत. मी परत आल्यावर तक्रार करत, "मी आत उभा होतो तरी आई मला धरतच नाही." मी म्हटलं, "अहो, त्यांच्या साठ वर्षांत कधी धरायची वेळच आली नाही, त्या तरी काय करणार?"

आत्याबाईंना जाऊन आता तीन वर्षं होतील. धाकटा बेंगळुरूला परत गेला. तिथं स्वतः कुकर लावतो आणि पाणी किती घालू हे व्हिडिओ कॉलवर विचारतो. यांनी सकाळचा चहा आपल्याकडे घेतला आहे. मी हॉलमध्ये पेपर घेऊन बसते. आतून पातेलं वाजतं, साखरेचा डबा कुठंतरी आपटतो, आणि मला राहवत नाही. मी विचारते, "आत कोण?"

"मी आहे."

मी त्यांना धरते. फक्त गॅस बारीक केला का, एवढं विचारून घेते.